युनियनचा फॉर्म भरलास का?

परवा त्र्यंबक नाक्यावर चहा घेताना तू म्हणालास, "काका, युनियनच्या राजकारणात आपण पडत नाही." पंचवटीत पोस्टमन म्हणून बीट, म्हणजे टपाल वाटायचा ठरलेला भाग, सांभाळताना पहिली चार वर्षं मीही हेच म्हणायचो.

आधी एक गैरसमज काढ. सरकारी नोकरीच्या वर्तणूक नियमांनी आपल्याला बंदी आहे ती राजकीय पक्षात जायला, युनियनमध्ये नाही. उलट संघटनांच्या मान्यतेच्या १९९३ च्या नियमांप्रमाणे संघटनेला मान्यता मिळते तीच सभासदसंख्येवर; साधारणपणे संवर्गातले, म्हणजे त्या गटातल्या पदांवरचे, ३५ टक्के कर्मचारी सभासद लागतात. म्हणजे पगारातून वर्गणी कापण्याचं संमतीपत्र हेच तुझं मत. ते कोरं राहिलं, की बोलणी करायला कोण बसणार हे दुसरेच ठरवतात.

आम्हा निवृत्त म्हाताऱ्यांचं युनियनमध्ये काय काम, असंही तू विचारलंस. पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये डी. एस. नकारा यांच्या खटल्यात सांगितलं, आणि तो लढवणारे निवृत्तच होते. कोरोनात महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठले, ते आमचेही. शिवाय आम्हाला बदलीची भीती नाही. अर्ज लिहिणं, माणसं जमवणं आमच्यावर सोड.

तू सुरगाणा-पेठकडच्या ग्रामीण डाक सेवकांना विसरू नकोस. टपाल तेच वाटतात, पण नियमित कर्मचारी नाहीत. २०१८ मध्ये वेतनासाठी त्यांना संपावर बसावं लागलं.

पदाधिकारी आवडत नाहीत? मलाही एक नव्हता आवडत, फक्त हारतुऱ्यापुरता उगवायचा. सभेला जा, वर्गणीचा हिशेब माग. सगळे वळून बघतील. बघू देत.