पोरगी भांगेच्या कंपनीत जायचं म्हणते

गांजा-भांगेच्या कायदेशीर उद्योगात पहिली नोकरी धरावी का, हा प्रश्न, मी मुलांना नोकरीचा सल्ला देते म्हणून, अलीकडे माझ्याकडे वरचेवर येतो. विचारणारी मुलं बहुधा बी.एस्सी. ॲग्री, बी.फार्म. किंवा रसायनशास्त्र झालेली असतात. त्यांना दोन काळज्या असतात. अनुभव नसताना आपल्याला आत घेणार कोण, आणि घेतलंच तर नावाला कायमचा डाग लागेल का? आईवडिलांची काळजी एकच असते आणि ती पोलिसांपासून सुरू होते. त्यांतल्या एका मुलीचा अनुभव तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी कागल तालुक्यातली, शिवाजी विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. वडील साखर कारखान्याच्या लॅबमधून नुकतेच निवृत्त झालेले, आई घर आणि दोन म्हशी सांभाळणारी. तिघं एकत्रच आले. खुर्चीत टेकायच्या आधीच आई म्हणाल्या, "मॅडम, हिला तुम्हीच समजवा. शेजारच्या गावात उसाच्या फडात झाडं सापडली, तर माणसं आत गेली. आणि ही म्हणते, तसल्याच कंपनीत कामाला जाणार."

वडील गप्प होते. मुलीने मोबाइल पुढे केला. टेलिग्रामवर आलेली जाहिरात होती. बँकॉकमध्ये गांजाचं दुकान, महिना सव्वा लाख पगार, राहणं-खाणं मालकाचं, अनुभवाची अट नाही. आधी ६५ हजार भरायचे, पर्यटक म्हणून विमानात बसायचं आणि कामाचा परवाना तिकडे पोचल्यावर काढायचा.

आईवडिलांना बाहेर बसायला सांगून मी आधी तिच्याशी बोलले. पहिला प्रश्न सरळ विचारला, "तू स्वतः ओढतेस का?" तिला राग आला. पण हे विचारावंच लागतं. ज्याला त्या पदार्थाची ओढ आहे त्याची गरज वेगळी असते, त्याच्याशी नोकरीआधी दुसऱ्याच विषयावर बोलावं लागतं. आणि इथलं बोलणं या खोलीबाहेर जात नाही, हेही तिला सांगितलं. मग ती शांत झाली. कॉलेजात असताना एकदा मैत्रिणींबरोबर चव घेतली होती, आवडली नव्हती, तिथेच संपलं.

"मग हेच क्षेत्र का?"

यावर ती जे बोलत सुटली ते मला फार मोलाचं वाटलं. एम.एस्सी.चा प्रकल्प तिने सांगलीच्या हळदीवर केला होता. हळदीचा अर्क काढायचा आणि त्यातलं कुरकुमिन एचपीएलसी मशीनवर, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या मशीनवर, मोजायचं. त्या नादात तिने वाचलं होतं की भांग आणि गांजा ज्या एकाच झाडापासून येतात त्यात शंभराहून जास्त कॅनाबिनॉइड नावाची रसायनं असतात. नशा आणणारं टीएचसी आणि नशा न आणणारं सीबीडी ही त्यांतली दोन प्रसिद्ध नावं. सीबीडीपासून केलेल्या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी मंजुरी दिली, हेही तिला माहीत होतं. पण सहा महिने अर्ज करूनही कुठून साधं उत्तर आलं नव्हतं. अशा वेळी बँकॉकवाल्याने मात्र पाच मिनिटांत उत्तर दिलं होतं.

मला त्या बोलण्यात गांजाची आवड दिसली नाही, मशीनची दिसली. एखाद्या अर्कात नेमकं काय किती आहे हे शोधायला या मुलीला आवडत होतं. हे तिला तसंच बोलून दाखवलं. आणि बँकॉकच्या दुकानात तिला मिळालं असतं ते विक्रीचं काम. त्यात मशीन कुठेच नव्हतं.

मग तिघांना एकत्र बसवलं आणि त्या जाहिरातीचा निकाल आधी लावला. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला हे खरं आहे. दुकानंही भराभर उघडली. पण जून २०२५ मध्ये सरकारने फुलोऱ्याची विक्री पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणली. दुकानात उभं राहून माल विकणं हे काम तिथे परदेशी माणसाला मनाई असलेल्या कामांच्या यादीत आहे, म्हणजे 'परवाना नंतर काढू' हे मुळातच खोटं. याहून वाईट म्हणजे, थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमधल्या म्यावड्डी भागात नेऊन सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबल्याची प्रकरणं घडली आहेत. परराष्ट्र मंत्रालय २०२२ पासून त्याबद्दल इशारे देतं आहे. परदेशी नोकरी लावणारा एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का ते ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं, आणि नोंदलेल्या एजंटालाही ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. मुलीने आमच्यासमोरच तो नंबर ब्लॉक केला. आईंना वाटलं, प्रश्न संपला. मला तसं वाटत नव्हतं. घाबरून थांबलेली मुलगी महिन्याने दुसरी जाहिरात उघडते.

म्हणून मी वडिलांकडे वळले. "काका, तुमच्या कारखान्याला डिस्टिलरी होती?"

"व्हय, होती की."

"मळीचा टँकर एक्साइजच्या परमिटाशिवाय बाहेर जायचा?"

"नाव काढू नका. लिटर-लिटरचा हिशेब. स्पिरिटच्या टाकीला त्यांचं सील."

"मग डिस्टिलरीच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या पोराला गावात दारूवाला म्हणायचे?"

ते पहिल्यांदा हसले. "सुरुवातीला म्हणायचे. पगार कळल्यावर गप झाले."

तिथून बोलणं सोपं झालं, कारण परवान्याखाली चालणारा माल म्हणजे काय हे त्या खोलीत त्यांच्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवाय असलेली पानं आणि बी त्या व्याख्येत येत नाहीत. परवानगीशिवाय झाड लावणं हा मात्र कलम २० खाली गुन्हा आहे आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे. उसाच्या फडातली माणसं आत गेली ती त्यासाठी. त्याच कायद्याचं कलम १४ धागा आणि बी यांसाठी, औद्योगिक कारणाने लागवडीला परवानगी देण्याची सोय ठेवतं. त्यावर उत्तराखंडाने २०१८ मध्ये लागवडीचे परवाने द्यायला सुरुवात केली, अट अशी की पिकात टीएचसी ०.३ टक्क्याच्या वर नको. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये या झाडाचं बी, बियांचं तेल आणि पीठ अन्न म्हणून मान्य केलं. आणि आयुर्वेदिक औषधांत भांगेचं पान जुन्या काळापासून आहे. औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टात, म्हणजे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायच्या औषधांच्या यादीत, ते आजही आहे.

"०.३ टक्के?" वडिलांनी मध्येच विचारलं. "हे मोजतात कसं?"

मुलगी खुर्चीच्या टोकावर आली. ओल्या झाडात टीएचसी बहुतांशी आम्लाच्या रूपात असतं, उष्णता लागली की त्याचं टीएचसी होतं, तिने सांगितलं. गॅस क्रोमॅटोग्राफी या मोजायच्या दुसऱ्या पद्धतीत नमुना तापतो, त्यामुळे दोन्हींची बेरीजच हातात येते. एचपीएलसीत तापवावं लागत नाही, म्हणून दोन्ही वेगवेगळी दिसतात. कुठल्या पद्धतीने मोजलं आणि नमुना झाडाच्या कुठल्या भागाचा घेतला, यावर एखाद्या शेतकऱ्याचं पीक कायदेशीर ठरणार की जाळावं लागणार हे ठरतं.

"म्हणजे नमुना घेणाऱ्यावर सगळं," वडील म्हणाले. "आमच्याकडं बी तसंच. उसाचा नमुना चुकला की साखरेच्या रिकव्हरीचा आकडा चुकला." मग पोल, ब्रिक्स (रसातली साखर आणि विरघळलेले घन पदार्थ मोजायची मापं), नमुना, सील, सही असं त्या दोघांचं बराच वेळ चाललं. मी मध्ये पडले नाही. या मुलीने वर्षभरात वडिलांना आपला विषय समजावून सांगितलाच नव्हता, फक्त उद्योगाचं नाव सांगितलं होतं. घरातल्या भांडणाचं मूळ तिथे होतं, असं माझं मत झालं.

आईंची भीती वेगळी होती, आणि ती मी कायद्याच्या कलमांनी झटकली नाही. मुलीचं लग्न व्हायचं आहे, पाव्हण्यांना काय सांगायचं, हा त्यांचा प्रश्न. लोक बोलतात, हे खरंच आहे. मी त्यांना एवढंच विचारलं की, हिच्या नेमणूकपत्रावर गुणवत्ता तपासणी, क्वालिटी कंट्रोल असं लिहिलेलं असलं तर? त्या म्हणाल्या, "मग लॅबमध्ये आहे म्हणून सांगीन. पण ते खोटं नसलं पाहिजे." ही अट मला फार योग्य वाटली आणि पुढचं सगळं काम आम्ही त्या अटीवर केलं.

एक मावसभाऊ कॅनडात ब्रॅम्प्टनला होता. तो म्हणत होता, इकडे ये, दुकानात लगेच लागशील. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा देशभर कायदेशीर आहे, ऑन्टारिओत दुकानात काम करायला कॅनसेल नावाचा छोटा कोर्स सक्तीचा आहे, अल्बर्टात सेलसेफ. पण विक्रेत्याचं काम तिथल्या कौशल्यवर्गात खालच्या पायरीवर धरतात, कायम वास्तव्याच्या 'कॅनेडियन एक्स्पीरियन्स' वर्गात तो अनुभव मोजला जात नाही. रासायनिक तंत्रज्ञाचा मोजला जातो. हा फरक कर्ज काढून जाणाऱ्या किती मुलांना आधी कुणी सांगतं? आणि तो उद्योग तरी कुठे स्थिर आहे? कॅनोपी ग्रोथ या तिथल्या मोठ्या कंपनीने फेब्रुवारी २०२३ मध्ये सुमारे ८०० लोक कमी केले आणि स्मिथ्स फॉल्समधला आपला मुख्य कारखाना बंद करायचं जाहीर केलं. अमेरिकेचं तर आणखी अवघड. अनेक राज्यांत दुकानं उघडी असली तरी केंद्रीय कायद्याची बंदी आहे, आणि राज्याच्या परवान्याखाली केलेलं कामसुद्धा पुढे नागरिकत्वाच्या अर्जात आड येऊ शकतं, असं तिथल्या नागरिकत्व विभागाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. ज्या मुलाला पुढेमागे अमेरिकेला जायचं आहे त्याने हे आधी वाचावं.

म्हणून माझा सल्ला असा होता, आणि तो या क्षेत्राकडे बघणाऱ्या प्रत्येक नवख्याला मी देते: पहिली नोकरी झाडाच्या नावावर शोधू नकोस, कामाच्या नावावर शोध. कायदा उद्या कुठेही वळू शकतो, तो वळला तरी हाताला लागलेलं काम दुसरीकडे चाललं पाहिजे. रसायनवाल्याने तपासणी आणि अर्क काढण्याची कामं बघावीत, ॲग्रीवाल्याने पॉलिहाऊस आणि ऊतिसंवर्धन, फार्मसीवाल्याने जीएमपीची, म्हणजे औषध बनवण्याच्या दर्जा-नियमांची, कागदपत्रं. कापडातलं शिकलेल्याला तर लांब जायलाच नको, इचलकरंजीला यंत्रमागावर कुठला धागा चालतो आणि कुठला तुटतो हे शिकता येतं, आणि या झाडाचा धागा एनडीपीएसच्या व्याख्येत येत नाही.

तिचा बायोडेटा उघडला तर पहिल्या ओळीत इंग्रजीत लिहिलेलं, मला गांजा उद्योगाची प्रचंड आवड आहे. उत्तर का येत नव्हतं ते तिथेच कळलं. नोकरी देणाऱ्याला या धंद्यात उत्साही माणसाची भीती वाटते. त्याला हवा असतो नोंदवही नीट ठेवणारा, खाडाखोड झाली तर एक रेघ मारून सही आणि तारीख घालणारा माणूस. ती ओळ काढली. त्या जागी हळदीचा प्रकल्प आला: किती नमुने, कुठलं कॉलम, पद्धत कशी पडताळली, मशीन बिघडलं तेव्हा काय केलं. अर्जही केवळ 'हेम्प' (कमी नशेच्या भांगेचं इंग्रजी नाव) असं नाव लावणाऱ्या कंपन्यांना न पाठवता वनस्पतींचे अर्क आणि खाद्यतेलं तपासणाऱ्या, एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची मान्यता असलेल्या लॅबना पाठवले.

मुलाखतीत तिने काय विचारायचं तेही घरी वडिलांसमोर घोकून घेतलं. अन्न विकणारी कंपनी असेल तर अन्नसुरक्षेचा चौदा आकडी परवाना क्रमांक, औषध बनवणारी असेल तर आयुष परवाना. भांगेचं पान कुठून येतं आणि त्याची राज्याच्या एक्साइजची कागदपत्रं कुणाकडे असतात. आणि रिपोर्टवर सही कुणाची असते. शेवटचा प्रश्न वडिलांनी घातला. नवख्या पोराला सहीला पुढे करणारी जागा असेल तर तिथून उठून यायचं, असं त्यांनी बजावलं. कर्करोग बरा करतो असं छापणाऱ्या कंपनीतून तर चहा न पिता उठायचं, हे मी सांगितलं. तसा दावा करणं हाच गुन्हा आहे.

दोन ठिकाणी नकार आला. एका कंपनीने आयुष परवान्याचा प्रश्न विचारल्यावर पुढचा फोनच घेतला नाही. तिसऱ्या ठिकाणी, पुण्याजवळच्या एका लॅबमध्ये, क्यूसी ट्रेनी म्हणून ती लागली. पगार बँकॉकच्या आकड्याचा पाचवा हिस्सा. कामात हळद, अश्वगंधा, जवसाचं तेल आणि अधूनमधून भांगेच्या बियांचं तेल, ज्यात टीएचसी मर्यादेत आहे का ते बघायचं असतं. आई पाव्हण्यांना सांगतात, "लॅबमध्ये तेल तपासते." वडील दर रविवारी फोनवर नमुन्यांची चौकशी करतात.

परवा तिचा मेसेज आला. दोन वर्षांनी कॅनडाला लॅब तंत्रज्ञ म्हणून अर्ज करावा की जर्मनीचं बघावं, तिथे एप्रिल २०२४ च्या कायद्यानंतर औषधी गांजाचं काम वाढलंय म्हणे. मी कळवलं की जर्मनीसाठी भाषेचा वर्ग आत्ताच लावावा लागेल, आणि दोन्हीकडे उपयोगी पडेल अशी एक तरी तपासणी-पद्धत तोवर स्वतः पडताळून नावावर घे. तिने वर्गाची चौकशी सुरू केली आहे.