गाडी मागे घेताना बाळ कुणाच्या कडेवर?

"मॅडम, घरात पाच माणसं असताना पोरगं गाडीमागं गेलंच कसं?" कसबा बावड्यातल्या एका आईने विचारलं. शेजारी नवरा मान खाली घालून बसला होता. दोन वर्षांचा मुलगा बाबांना टाटा करायला धावला, तेव्हा जीप मागे येत होती. शेजारच्या काकू ओरडल्या म्हणून ब्रेक लागला. मुलाला खरचटलंही नाही. पण तेव्हापासून सासूबाई सुनेला बोलतात, सून नवऱ्याला, आणि त्याने महिनाभर किल्लीला हात लावलेला नाही.

खरं सांगते, पाच माणसं होती म्हणूनच असं झालं. आजीला वाटलं आईजवळ आहे, आईला वाटलं आजीजवळ.

मी त्यांना घरी एक गोष्ट करून बघायला सांगितली. जीपच्या मागे स्टूल ठेवायचं, त्यावर बाळाची टोपी घालायची आणि बाबांनी स्टिअरिंगवर बसून आरशात बघायचं. पुढच्या वेळी ते म्हणाले, "टोपी दिसायला स्टूल आठ पावलं मागं न्यावं लागलं." मग सासूबाईंच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं, "म्हंजे त्याला दिसलंच नसतं की!" त्या दिवसापासून घरातलं बोलणं मऊ झालं.

अनेक पालक विचारतात, सांगूनही मूल ऐकत का नाही? दोन वर्षांच्या मुलाला 'जवळ जाऊ नको' हे शब्द कळतात, पण बाबा दिसले की पाय आधी धावतात. आपल्याला गाडी दिसते म्हणजे गाडीलाही आपण दिसतो, असं त्याला वाटतं. हा हट्ट नव्हे, ते वयच तसं आहे. मागचा कॅमेरा असला तरी बाजूने धावत आलेलं मूल त्यात उशिरा दिसतं. आणि पाहुण्यांच्या गाडीची मला जास्त धास्ती वाटते, कारण त्यांना घरात रांगतं मूल आहे हे ध्यानातच नसतं. गळीत हंगामात अंगणात वळणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचंही तेच.

म्हणून 'सगळ्यांनी लक्ष ठेवा' असं मी सांगत नाही. एका माणसाचं नाव ठरवा. त्याने बाळाला कडेवर घ्यायचं, मोठ्याने सांगायचं, मगच गाडी चालवणाऱ्याने किल्ली फिरवायची. दाराला वर कडी लावा, किल्ली बाळाच्या हाती लागू देऊ नका.

आता त्या घरात सकाळी आजीचा आवाज येतो, "घेतलंय रे, माझ्याकडं हाय!" मग जीप सुरू होते, आणि टाटा खिडकीतून होतो.