बसतं, पण चालत नाही

प्रश्न : माझ्याकडे १९ इंची, जुन्या पद्धतीचा चौकोनी मॉनिटर आहे. २००९ साली घेतला, आजवर एकदाही दुरुस्तीला गेला नाही. दिवाळीच्या आधी सीपीयू बंद पडला म्हणून भाच्याने पोळीच्या डब्याएवढा नवा संगणक आणून दिला. त्याला मॉनिटरची निळी पिन लागेल अशी जागाच नाही. दुकानदाराने एका टोकाला नव्या संगणकात बसणारी एचडीएमआय पिन आणि दुसऱ्या टोकाला निळी पिन असलेली केबल दिली. दोन्हीकडे छान बसली, मी स्क्रूही आवळले, पण पडद्यावर 'नो सिग्नल'. परत गेले तर म्हणाला, "आजी, मॉनिटर जुना झालाय, आता नवीनच घ्या." मॉनिटर जुना झाला, की केबल खोटी? आणि ही भोकं दर चार वर्षांनी बदलतात ती मुद्दाम का? — निवृत्त शिक्षिका, कोथरूड

उत्तर : बाई (शिक्षिका म्हटल्यावर तोंडात दुसरं काही येत नाही), मॉनिटर ठणठणीत आहे. 'नो सिग्नल' ही अक्षरं तो स्वतः काढतोय, म्हणजे पडदा, त्यामागचा दिवा, पॉवर सप्लाय, सगळं जागेवर आहे. खोटी आहे ती केबल. तुमचं म्हणणं बरोबर, दुकानदाराचं चूक.

आता का ते सांगतो. निळी पिन म्हणजे व्हीजीए. आयबीएमने १९८७ साली आणली, तेव्हा टेबलावर काचेचे पोटवाले मॉनिटर होते. त्यांना लाल, हिरवा, निळा अशा तीन रंगांचे कमी-जास्त होणारे व्होल्टेज लागायचे, म्हणून संगणक आपले आकडे (चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग तो आकड्यांतच मांडतो) व्होल्टेजमध्ये बदलून पाठवायचा. पुढे तुमच्यासारखे चपटे मॉनिटर आले. ते आतून आकड्यांवरच चालतात. म्हणजे संगणकाने आकड्यांचे व्होल्टेज करायचे आणि मॉनिटरने व्होल्टेजचे पुन्हा आकडे. कोथरूडहून सदाशिव पेठेला मराठी पत्र पाठवायचं, पण वाटेत त्याचं हिंदी करायचं आणि पोचल्यावर परत मराठी, असा कारभार. १९९९ साली आलेल्या डीव्हीआय नावाच्या जोडणीने हा मधला दुभाषा काढून टाकला, म्हणून तो बदल मला पटतो. एचडीएमआयही आकडेच पाठवते. तुमच्या केबलच्या एका टोकाला आकडे, दुसऱ्या टोकाला व्होल्टेजची वाट पाहणारा मॉनिटर, आणि मध्ये नुसती तांब्याची तार. तार भाषांतर करत नाही. त्याला चिप लागते. तुमच्या केबलमध्ये ती असती तर टोकाशी जाडसर ठोकळा असता आणि चालू असताना तो हाताला कोमट लागला असता.

पण चिपवाला कन्व्हर्टर लगेच घेऊ नका. आधी मॉनिटर पालथा घालून (खाली चादर अंथरा) निळ्या सॉकेटशेजारी पाहा. त्या काळच्या बऱ्याच १९ इंची मॉनिटरला तिथे एक पांढरं, रुंद, चोवीस बारीक भोकांचं सॉकेट असतं. भोकांच्या कडेला एक आडवी फट असते. हे डीव्हीआय. ते असेल तर 'एचडीएमआय टू डीव्हीआय' केबल मागा. या दोघांची भाषा एकच आहे, फक्त तोंडं वेगळी, त्यामुळे इथे साधी तार पुरते, चिप नको. तापकीर गल्लीत (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) विचारलंत तर दोघांच्या मिसळीच्या पैशांच्या आसपास मिळावी. घेताना पिनकडे नीट बघा. आडव्या पात्याच्या वर-खाली चार सुट्या पिना असतील तर ती केबल परत करा, कारण त्या चार पिनांना तुमच्या सॉकेटमध्ये बहुधा जागा नसेल. नुसतं पातं हवं. गल्लीत त्याला 'चोवीस प्लस एक' म्हणतात.

जोडल्यावर काही सेटिंग शोधत बसू नका. आपल्याला किती बाय किती ठिपके चालतात हे मॉनिटरच संगणकाला कळवतो, तुमच्या पडद्यावर ते बहुतेक १२८० बाय १०२४ येईल. आवाज मात्र या वाटेने येणार नाही. स्पीकर संगणकालाच लावा. आणि पांढरं सॉकेट नसलंच, तर मग चिपवाला 'एचडीएमआय टू व्हीजीए' घ्या. शब्दांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी संगणकाकडचं नाव, मग मॉनिटरकडचं. 'व्हीजीए टू एचडीएमआय' ही उलट्या दिशेची वस्तू आहे, ती घेतलीत तर पुन्हा तोच फेरा.

राहिला 'मुद्दाम का' हा प्रश्न. नारायण पेठेत संगणक दुरुस्तीच्या टेबलामागे माझी तीस वर्षं गेली, त्यातली निम्मी या निळ्या पिनेवर. गिऱ्हाईक घाबरंघुबरं यायचं, "पडदा पिवळा पडला!" पिन उलटी दाबल्याने निळ्या रंगाची एक काडी वाकलेली असायची. पेन-पेन्सिलीच्या टोकाच्या पोकळ नळीने, शिसं काढून घेतलं की, ती हलकेच सरळ करायची, पडदा पुन्हा पांढरा. एक गृहस्थ तर नववी पिन तुटली म्हणून माझ्याशी भांडायला आले होते. अनेक केबलमध्ये ती मुळातच नसते, हे त्यांना पटवायला मला दुकानातल्या चार नव्या केबल उघडून दाखवाव्या लागल्या. चौथीनंतरही त्यांच्या चेहऱ्यावर 'तुम्ही सगळ्यांच्याच तोडल्यात' असाच भाव. पण त्या पिनेचा एक गुण होता. बसली म्हणजे चालायची. नाही चालली तर काय बिघडलं ते डोळ्यांना दिसायचं.

ठरवून वस्तू लवकर मारणं कशाला म्हणतात याचं उघड उदाहरण बल्बचं आहे. १९२४ साली जिनिव्हात मोठ्या बल्ब कंपन्यांनी 'फीबस' नावाची युती केली, बल्ब हजार तासच चालावा असं ठरवलं आणि ज्याचे जास्त चालतील त्याला दंड लावला. मॉनिटरच्या भोकांबाबत असा कट झाला असं मी म्हणणार नाही. २०१० च्या डिसेंबरात इंटेल, एएमडी आणि काही संगणक कंपन्यांनी व्हीजीए २०१५ पर्यंत बंद करू, असं चारचौघांत जाहीर केलं होतं, लपवून नाही. माझी तक्रार वेगळी आहे. डीव्हीआयवर सगळ्यांनी थांबायला हवं होतं, किंवा तिलाच वाढवायला हवं होतं. तसं झालं नाही. २००२ साली टीव्हीवाल्या कंपन्यांनी एचडीएमआय आणली. ती वापरायची तर उत्पादकाने दरवर्षी फी भरायची, वर नगामागे रॉयल्टी. संगणकवाल्यांना ते नको होतं, म्हणून २००६ साली त्यांनी वेगळं डिस्प्ले पोर्ट काढलं. दोन्ही तेच चित्र नेतात. एका घरातल्या दोन जावांनी वेगळ्या चुली मांडाव्यात तसं, आणि सरपण आणायचं तुम्ही-आम्ही. नव्याला जागा करण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण जुन्या मॉनिटरचा माणूस दुकानात आला तर त्याला सांगायचं काय, याचा विचार यांच्यापैकी कुणी केलेला दिसत नाही. मग दुकानदार सोपं उत्तर देतो : नवीन घ्या.

ती बिनचिपची केबल परत करताना पावती न्या. "ही कुठल्याही संगणकावर चालवून दाखवा" एवढंच म्हणा. शाळेत फळ्याजवळ बोलवायचात ना, त्याच आवाजात.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपला टाइप-सी आहे, मॉनिटरलाही टाइप-सी आहे. मोबाइलची केबल लावली तर लॅपटॉप चार्ज होतो, चित्र येत नाही. — विद्यार्थी, नऱ्हे

उत्तर : वर बाईंना जे सांगितलं त्याचाच हा पुढचा अंक. आता तर भोकंही एकसारखी झाली. युरोपात २०२४ च्या डिसेंबरपासून नव्या मोबाइलला टाइप-सी सक्तीची झाली, पण ती सक्ती चार्जिंगची आहे. चित्र नेणं कंपनीच्या मर्जीवर. तुझी केबल चार्जिंगपुरती आहे, चित्र नेणाऱ्या बारीक तारा तिच्यात नाहीत. आधी मित्राच्या टाइप-सी मॉनिटरसोबत आलेली केबल आणून लावून बघ. तरीही नाही आलं तर लॅपटॉपच्या त्या भोकाशेजारी डी आणि पी एकात गुंतलेली खूण किंवा वीज चमकल्याची खूण आहे का बघ, असेल तर ते भोक चित्र नेतं. काहीच नसेल तर मॉडेलचं माहितीपत्रक काढून वाच. तिथे चित्राचा उल्लेख नसेल तर केबलवर आणखी पैसे घालू नकोस, लॅपटॉपच्या एचडीएमआयने जोड.

प्रश्न : माळ्यावर जुन्या केबलचं पोतं आहे. सौ. म्हणते टाकून द्या. — एक वाचक, सहकारनगर

उत्तर : वहिनींचं ऐका, पण आधी पोतं ओता. व्हीजीएच्या दोन आणि डीव्हीआयच्या सगळ्या बाजूला काढा. सोसायटीच्या हॉलमधला प्रोजेक्टर अजून निळ्या पिनेवर असेल, तर गणपतीत तुमचीच आठवण निघेल. उरलेल्या रोजच्या कचऱ्यात घालू नका आणि तांब्यासाठी जाळणाऱ्याला तर अजिबात देऊ नका, त्या प्लास्टिकचा धूर वाईट. घरी येणाऱ्या 'स्वच्छ'च्या (कचरावेचकांच्या संस्थेच्या) ताईंना विचारा, ई-कचरा कधी नेतात ते त्या सांगतील. आणि डीव्हीआयची 'चोवीस प्लस एक' निघाली तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा. कोथरूडला एक गिऱ्हाईक आहे.