अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या शेतकरी कुटुंबाचं वर्ष कसं जातं? हिवाळ्यात ते रिकामेच असतात का?

रिकामे अजिबात नसतात. बर्फ पडला की मशिनशेडमध्ये पेरणीयंत्राची दुरुस्ती, बियाण्याची खरेदी आणि कराचे हिशोब सुरू होतात. ज्यांच्याकडे गाई आहेत, त्यांची खरी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. उणे तापमानात ओलं वासरू जन्मलं की त्याचे कान गोठू शकतात, म्हणून घरातलं कुणीतरी रात्रीत दोन-तीनदा उठून गोठ्यात चक्कर मारतं.

एप्रिलअखेर ते मे मका आणि सोयाबीनची पेरणी. '४ जुलैला मका गुडघ्याएवढा हवा' अशी तिकडची जुनी म्हण आहे, पण हल्ली तोवर तो बहुधा डोक्याएवढा होतो. जुलैत शाळकरी मुलं बियाण्याच्या मक्याचे तुरे खुडून पैसे कमावतात, आपल्या वासरा-डुकरांना काउंटी फेअरला, म्हणजे जिल्ह्याच्या जत्रेला नेतात. महिनोन्‌महिने स्वतः वाढवलेलं जनावर तिथे विकलं जातं तेव्हा ती रडतात. मला हा भाग फार जवळचा वाटतो, कारण बैल विकताना आपल्याकडेही तेच होतं.

सप्टेंबर ते नोव्हेंबर कापणी. मका ओला असेल तर साधारण १५ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवावा लागतो, त्यामुळे ड्रायरचा घुंऽऽ आवाज रात्रभर. जेवणाचे डबे शेतातच पोचतात. पिकअपच्या फळीवर बसून दहा मिनिटांत खायचं आणि पुन्हा कंबाइनवर (कापणी-मळणीच्या यंत्रावर) चढायचं.

आणि आपल्यासारखीच आभाळाची भीती तिथेही आहे. १० ऑगस्ट २०२० च्या वादळाने आयोवात उभा मका मैलोन्‌मैल आडवा केला होता.