वाचकांचे प्रश्न : रान साफ करायला जुने मशीन घेताना

प्रश्न : मुरबाड तालुक्यात आमची वडिलोपार्जित सव्वाचार एकर जमीन आहे. पंचवीस वर्षे तिकडे कुणी फिरकले नाही. घाणेरी, करवंदी, बांबूची बेटे आणि मधूनमधून ऐन, जांभळाची मोठी झाडे आहेत. जुना जेसीबी घ्यावा की जुने पोकलेन? काम झाले की विकून टाकण्याचा विचार आहे. (डोंबिवली)

उत्तर : सव्वाचार एकरांसाठी मशीन विकत घेऊ नका. आमचे मत ऐकूनच ठरवा असेही नाही, हिशेब स्वतः करून बघा. गावातला जेसीबी एक दिवस भाड्याने लावा आणि आठ तासांत किती गुंठे मोकळे झाले ते टेपने मोजा. समजा बारा गुंठे झाले. तुमचे 170 गुंठे आहेत, म्हणजे साधारण 113 तासांचे काम. गावच्या दराने त्याचे भाडे काढा. दुसऱ्या बाजूला मशीनची किंमत, ऑपरेटरचा पगार, डिझेल, टायर, नावावर करण्याचा खर्च आणि विकताना बसणारी घट लिहा. एक हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने हात-बकेट हलवणारा) पंप उतरवून दुरुस्त करावा लागला, की एवढ्या तासांतली सगळी बचत तिथेच संपते.

भाऊबंदांची मिळून पंचवीस-तीस एकर जमीन असेल, किंवा बांध, तळे, रस्ता असे दोन-तीन वर्षांचे काम समोर असेल, तर मात्र खरेदीचा विचार करावा. मग आमची पसंती सात-आठ टनी पोकलेनला. (पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचे नाव. आपल्याकडे साखळीवर चालणाऱ्या कुठल्याही खोदणाऱ्या मशीनला ते चिकटले.) ते जागेवर उभे राहून चारही बाजूंना फिरते, चढावर जेसीबीपेक्षा जास्त भरवशाचे असते आणि काट्याकुट्यांनी पंक्चर होत नाही. जेसीबीचा मोठा फायदा म्हणजे तो स्वतः रस्त्याने जातो, ट्रेलर लागत नाही. पुढच्या बकेटने राडा गोळा करता येतो, तेही कामाचे. पण मागचा हात फक्त अर्धवर्तुळात फिरतो, प्रत्येक बुंध्यापाशी जॅक टेकवायचे आणि उचलायचे, यात दिवस जातो.

वीस टनी पोकलेन स्वस्तात मिळतेय म्हणून भुलू नका. गावाकडच्या वाटेवरचा साकव किंवा जुनी मोरी ते वजन आणि त्यावर ट्रेलरचे वजन पेलेल का, हे आधी पायी जाऊन पाहा. डिझेलही दुपटीहून जास्त पिते.

बुलडोझर तर नकोच. आपल्याकडे मुरमावर किंवा जांभ्यावर मातीचा थर जेमतेम वीतभर असतो. डोझरचे पाते झुडपांबरोबर तोही ढकलून ढिगात नेते, आणि उरलेले पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला जाते. ही माती परत मिळत नाही.

प्रश्न : कळंबोलीच्या एका यार्डात जुना जेसीबी पाहिला. रंग नवा, मीटरवर 6,200 तास. मेकॅनिक सोबत नेणार आहे, पण मला स्वतःलाही कळायला हवे. काय काय तपासावे? (मुलुंड)

उत्तर : नवा रंग दिसला की तपासणी दुप्पट करा. रंगाखाली वेल्डिंग लपते.

आदल्या दिवशी फोन करून सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर आधी इंजिनाच्या ब्लॉकला हात लावा. गरम लागले तर दुसऱ्या दिवशी या. थकलेले इंजिन गरम असताना पटकन सुरू होते, थंड असतानाच खरे बोलते. सुरू करण्याआधी डिपस्टिक काढा. तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी गेले आहे, म्हणजे गॅसकेट, हेड किंवा ऑइल कूलर. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तरी तेच. सुरू केल्यावर पहिला मिनिटभर थोडा पांढरा धूर चालेल. निळा धूर येतच राहिला तर इंजिन ऑइल जळते आहे. काळा म्हणजे इंजेक्टर, पंप किंवा तुंबलेला एअर फिल्टर. मग इंजिन चालू असताना ऑइल टाकायचे झाकण काढून तोंडावर उलटे नुसते ठेवा. ते जागेवर थरथरले तर ठीक, उडून पडले तर पिस्टन रिंगा गेल्या.

हायड्रॉलिकची परीक्षा अर्धा तास काम करून तेल गरम झाल्यावरच घ्या, कारण थंड, घट्ट तेल गळती झाकते. पुढची बकेट मातीने भरून उंच उचला, इंजिन बंद करा, सिलिंडरच्या रॉडवर खडूने खूण करा आणि दहा मिनिटे थांबा. उचललेल्या बकेटखाली कुणालाही जाऊ देऊ नका. खूण डोळ्यांना दिसेल इतकी सरकली तर सील किंवा व्हॉल्व्ह गेलेला आहे. मागच्या हाताचेही असेच करा. रॉडवर नख फिरवा. नख अडकेल असा ओरखडा किंवा गंजाचे खड्डे असतील, तर नवीन सील महिनाभरही टिकणार नाही. मुंबईतली बरीच मशीन खाडीकाठच्या भरावावर खाऱ्या पाण्यात राबलेली असतात, म्हणून रॉड, वायरिंगचे जोड आणि केबिनचा तळ नीट पाहा.

आता पिन आणि बुश, म्हणजे सांध्यातला खिळा आणि त्याभोवतीची धातूची नळी. मागचा हात पूर्ण लांब करून बकेट जमिनीपासून वीतभर वर ठेवा, इंजिन बंद करा आणि एकाने बकेट आडवी ढकलावी. दुसऱ्याने मुळाशी, जिथे हात डावी-उजवीकडे वळतो त्या किंगपोस्टपाशी नजर ठेवावी. बकेटकडे थोडी हालचाल झाली तर पिन-बुश बदलून भागते. किंगपोस्टच खडखडला तर भोकेच लांबट झाली आहेत. मग लाइन बोरिंग करून (भोके पुन्हा एका रेषेत गोल कापून) बुश बसवावे लागतात, आणि तो खर्च किमतीतून वजा झालाच पाहिजे. सांध्यात बोट घालून ढिलाई बघू नका.

हातावर ब्रेकरची (काँक्रीट फोडणाऱ्या हातोड्याची) पाइपलाइन किंवा ती कापल्याच्या खुणा दिसतात का ते बघा. मुंबईत इमारती पाडण्याच्या आणि काँक्रीट फोडण्याच्या कामावर ब्रेकर लावून वापरलेले मशीन आतून ठोके खाल्लेले असते. बूमच्या (हाताच्या मुख्य तुळईच्या) बाकाजवळ आणि पिनांच्या कानांभोवती चिरा किंवा आडव्या वेल्डिंगच्या पट्ट्या असतील तर सोडून द्या. झाडांची मुळे उपटताना सगळा ताण तिथेच येतो.

6,200 तास खरे की खोटे? ठेकेदाराकडचे मशीन वर्षाला दीड-दोन हजार तास सहज चालते, त्यामुळे बनावटीचे वर्ष आणि मीटर जुळते का ते पाहा. ब्रेक पेडलचे रबर गुळगुळीत झाले आहे, सीटचा फोम बसला आहे, लिव्हरच्या गाठीवरचे आकडे पुसले आहेत, आणि मीटर म्हणते 6,200, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. अलीकडच्या मशीनमध्ये लाइव्हलिंकसारखी, मशीनचे तास दूरून नोंदवणारी यंत्रणा असते. चॅसिस नंबर घेऊन मालकालाच डीलरकडून सर्व्हिसची नोंद काढायला सांगा. टाळाटाळ झाली तर त्यातच उत्तर मिळाले.

शेवटी चालवून बघा. पुढे-मागे बदलताना दोन सेकंदांनी धक्का देऊन उचलत असेल तर ट्रान्समिशन थकले आहे. मागचे टायर 16.9-28 मापाचे असतात. दोन्ही बदलायचे असतील तर ती किंमत बोलणीत धरा.

हीच तपासणी पोकलेनची असेल तर आधी साखळीकडे जा. दाते असलेले स्प्रॉकेट चाक बघा. दात टोकदार झाले असतील तर चेन, रोलर आणि आयडलर (साखळीला आधार देणारी चाके) सगळे एकत्र बदलायची वेळ आली आहे, आणि साखळीच्या मशीनवर सगळ्यात मोठा खर्च हाच. मग सपाट जागेवर वीस मीटर सरळ चालवा. एका बाजूला ओढत असेल तर त्या बाजूची, साखळी चालवणारी ट्रॅव्हल मोटर किंवा पंप कमजोर आहे. बकेट टेकवून वरचा भाग किंचित उचलून बघा. कड्यात ठोका ऐकू आला तर वरचा भाग ज्यावर फिरतो ते स्लू बेअरिंग गेले.

प्रश्न : कागदपत्रांत काय बघावे? (भिवंडी)

उत्तर : जेसीबी चाकांचा, म्हणून त्याची आरटीओ नोंदणी असते. आरसीवरचे (नोंदणीपत्रावरचे) चॅसिस आणि इंजिन नंबर मशीनवरच्या कोरलेल्या नंबरांशी स्वतः ताडून पाहा, नुसत्या फोटोवर जाऊ नका. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म 35 घ्या. नावावर करायला फॉर्म 29 आणि 30, दुसऱ्या राज्यातले असेल तर फॉर्म 28. विमा आणि कर भरलेला असावा.

साखळीच्या पोकलेनला सहसा आरसी नसते. तिथे मालकीचा पुरावा म्हणजे मूळ खरेदीचे बिल आणि त्यानंतरच्या प्रत्येक विक्रीचे बिल. मधली एक कडी तुटलेली असेल तर व्यवहार करू नका.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली विनापरवाना गौण खनिज (मुरूम, माती, वाळू, दगड) काढणारे मशीन जप्त होऊ शकते. मशीन आधी जिथे चालायचे त्या तहसील कार्यालयात त्यावर दंड बाकी आहे का ते विचारा. तुम्हीही मुरूम स्वतःच्या शेताबाहेर नेण्याआधी तहसीलदारांची परवानगी घ्या.

प्रश्न : जमीन आमचीच आहे, मग झाडे काढायला परवानगी कशाला? (बोरिवली)

उत्तर : महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 खासगी जमिनीलाही लागू आहे. त्याच्या अनुसूचीत साग, ऐन, खैर, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह, हिरडा, किंजळ अशी झाडे आहेत. ती तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी चौकशी करा. सातबारावर इतर हक्कांत ‘खाजगी वन’ असा शेरा असेल तर मशीन रानात उतरवूच नका, आधी वकिलाला दाखवा.

मोजणीही आधी करून घ्या. मशीन फिरल्यावर हद्दीचे दगड ढिगाखाली जातात आणि शेजाऱ्याशी भांडण वर्षानुवर्षे चालते. मोठी जांभळे, आंबे मात्र राखाच, अगदी परवानगी मिळाली तरी. त्यांच्या मुळांनीच तुमचा उतार धरून ठेवला आहे.

प्रश्न : बुंधे काढायची योग्य पद्धत कोणती? घाणेरी पुन्हा येते, तिचे काय? (ठाणे)

उत्तर : परवानगी असलेले झाड जमिनीलगत कापू नका. मीटर-दीड मीटर खोड उभे ठेवा, तीच तरफ होते. बकेटने तीन बाजूंना खोदून मुळे तोडा आणि चौथ्या बाजूने वरून ढकला. खोड आडवे झाले की मुळांची माती तिथेच झटकून खड्डा बुजवा. पावसाळा सरल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जमिनीत ओल असते, तेव्हा बुंधे सोपे निघतात. एप्रिलमध्ये तीच मुळे दगडासारखी धरून बसतात.

घाणेरी कापली की दुप्पट जोमाने फुटते. ती मुळासकट उपटावी लागते. त्यासाठी दाते असलेली रेक बकेट वापरा, कारण तिच्या फटीतून माती खाली गळते. पहिल्या पावसानंतर उगवलेली रोपे जुलै-ऑगस्टमध्ये हाताने उपटा, आणि हे पुढची दोन वर्षे करा. बांबूच्या बेटाचा गड्डा बाहेरच्या कडेने आत असा तुकड्या-तुकड्यांनी काढा, मधोमध बकेट घालू नका.

रानात काम करताना वाळका पाला रेडिएटरच्या जाळीत अडकतो आणि इंजिन तापते. दुपारी आणि संध्याकाळी जाळी हवेने झाडायला ऑपरेटरला सांगा. मशीन येण्याआधी कोयता घेऊन माणसांनी रान एकदा पायी पिंजून काढावे. झुडपात दडलेली जुनी, कठडा नसलेली विहीर, आग्या मोहोळ आणि वरून गेलेली विजेची तार या तिन्हींच्या जागी लाल फडकी बांधा. तारेखाली काम करायचेच असेल तर आधी महावितरणकडून लाइन बंद करून घ्या.