नाकावरच्या बेसल सेल कार्सिनोमाला ऑपरेशनऐवजी प्रकाशाचा उपचार चालेल का?

तुमच्या आईंच्या नाकाच्या कडेला गाठ आहे, बायोप्सीत नोड्युलर (गाठीच्या रूपातला) बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा एक कॅन्सर, आलाय आणि चेहऱ्याला चाकू नको म्हणून त्या फोटोडायनॅमिक थेरपी, म्हणजे प्रकाशाचा उपचार, मागताहेत. माझं स्पष्ट मत: या गाठीला ऑपरेशनच करा.

प्रकाशाचा उपचार वाईट आहे म्हणून नाही. माझ्या वडिलांवर तो झालाय आणि गुण आलाय. दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. त्यांच्या पोटरीवर गजकर्णाच्या मलमाने न जाणारा लाल, खवलेदार चट्टा होता. तपासणीत बोवेन्स डिसीज निघाला, म्हणजे कॅन्सर कातडीच्या सगळ्यात वरच्या थरातच होता. नाशिकच्या त्वचारोगतज्ज्ञांनी मुंबईला पाठवलं.

तिथे चट्ट्याच्या खपल्या खरवडून क्रीम लावलं आणि तीन तास झाकून ठेवलं. या क्रीमपासून रोगट पेशींमध्ये पोर्फिरिन हे प्रकाशाने चेतणारं रसायन साठतं. मग साधारण 630 नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडला की पेशीतल्या ऑक्सिजनचं विखारी रूप तयार होतं आणि पेशी मरतात. दिवा दहाएक मिनिटांचाच, पण मिरची चोळल्यासारखी आग होते; वडील दात-ओठ खात बसले होते. आठवड्याने पुन्हा तेच. प्रत्येक वेळी दोन दिवस तो भाग उन्हापासून कापडाने झाकायचा. नेहमीचं सनस्क्रीन इथे पुरत नाही, कारण दिसणारा प्रकाशही चालत नाही. बागेत जाऊ नका म्हणून त्यांना अडवणं हेच आम्हाला जड गेलं.

आता आईंचं. या उपचाराचा भरवसा वरच्या साधारण 2 मिलिमीटरपर्यंतच. नोड्युलर गाठ त्याहून खोल असू शकते. वरची कातडी छान भरून येते आणि खाली मुळं राहतात, ही खरी भीती. त्यातून नाक, पापण्या, कान इथला बेसल सेल परत उलटण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे या गाठी बऱ्याचदा काळपट असतात, आणि तो रंगही प्रकाश अडवतो.

आईंना एवढं नक्की सांगा की हा कॅन्सर शरीरात क्वचितच पसरतो, आणि लहान गाठ बहुतेक वेळा जागा बधिर करूनच काढतात. काढलेल्या तुकड्याच्या कडा कॅन्सरपासून मोकळ्या आहेत का, हे रिपोर्टमध्ये जरूर पाहा. प्रकाशाच्या उपचारात कडा तपासायला तुकडाच हाती येत नाही.

तरी मन मानत नसेल तर बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) लॅबमधून मागून घ्या आणि परळच्या टाटा रुग्णालयात दुसरं मत घ्या. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी निघता येतं.