वाचकांचे प्रश्न : घरच्या घरी काचेची टाकी – सिलिकॉन किती, काच किती?

प्रश्न : मला घरी ९० सेंटिमीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच अशी माशांची टाकी स्वतः जोडायची आहे. दुकानदार म्हणाले, शंभर लिटरला सिलिकॉनची एक ट्यूब पुरते. माझी टाकी हिशेबाने १६२ लिटरची होते, म्हणजे दीड ते पावणेदोन ट्यूब लागतील असे मी धरले आहे. हा हिशेब बरोबर आहे का? काच किती जाडीची आणि किती घ्यावी, तसेच आणखी कोणते साहित्य लागेल, याचेही कृपया मार्गदर्शन करावे. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आपण दोन ट्यूब घ्याव्यात हे खरे, पण त्या लिटरच्या हिशेबाने नव्हेत. सिलिकॉन पाण्याला लागत नाही, ते सांध्याला लागते. टाकीचा आकार तोच ठेवून ती दुप्पट लिटरची केली, तर तिची प्रत्येक बाजू जेमतेम सव्वापट होते आणि सांध्यांची लांबीही तेवढीच वाढते. म्हणून लिटरवरून काढलेला अंदाज लहान टाकीत कमी पडतो आणि मोठ्या टाकीत उगाच वाढतो. सांध्याची लांबी मोजावी, तिला सांध्याच्या रुंदीने व जाडीने गुणावे आणि नासाडीसाठी वर काही धरावे, एवढाच खरा हिशेब आहे.

तो करण्यापूर्वी काच ठरवावी लागते, कारण सांध्याची रुंदी म्हणजे काचेची जाडी. ९० सेंटिमीटर लांबी आणि ४५ सेंटिमीटर उंची असेल, तर चार भिंतींना ८ मिलिमीटरची साधी फ्लोट काच आणि वर आधारपट्ट्या, हा मला योग्य वाटणारा किमान बेत आहे. तळासाठी मी १० मिलिमीटरची काच घेतो, कारण दगड आणि वाळू तिच्यावरच टेकतात. टफन्ड काच (तापवून कडक केलेली) स्वस्तात मिळाली तरी या कामासाठी घेऊ नये. माप चुकले तर ती पुन्हा कापता येत नाही आणि पुढे नळीसाठी भोक पाडावेसे वाटले तर तेही पाडता येत नाही.

भिंती तळाच्या काचेवर उभ्या राहणार असे धरले, तर तुकडे असे होतात : तळ ९०० बाय ४०० मिलिमीटर, समोरची आणि मागची काच प्रत्येकी ९०० बाय ४४०, दोन बाजू प्रत्येकी ३८२ बाय ४४०. बाजूची काच ४०० ऐवजी ३८२ का, हा प्रश्न काचवाला हमखास विचारतो. समोरच्या व मागच्या काचेची मिळून १६ मिलिमीटर जाडी आणि दोन्ही सांध्यांत सिलिकॉनसाठी सोडलेला एकेक मिलिमीटर असे १८ मिलिमीटर त्यातून वजा होतात. हा शेवटचा मिलिमीटर नवशिके विसरतात, काच काचेला घट्ट भिडवतात आणि ज्या जागी सिलिकॉनने ताण झेलायचा तिथे ते उरतच नाही. आधारपट्ट्यांसाठी ८८० बाय ५० चे दोन तुकडे लांबीच्या भिंतींना आतून वरच्या कडेला, आणि त्या दोन्हींवर टेकणारी मधली आडवी पट्टी ३८० बाय १००. सगळी मिळून ८ मिलिमीटरची काच सुमारे साडेतेरा चौरस फूट आणि १० मिलिमीटरची सुमारे चार चौरस फूट लागते. काचवाले माप पुढच्या ठरावीक इंचापर्यंत वाढवून पैसे आकारतात, तेव्हा आकारणी कशी होते ते आधी विचारून घ्यावे. माप मात्र मिलिमीटरमध्येच लिहून द्यावे, कारण सूत आणि इंचाच्या तोंडी मापात दोन-तीन मिलिमीटर सहज इकडचे तिकडे होतात.

आता सिलिकॉन. तळाशी समोरचा व मागचा सांधा ९०० मिलिमीटरचा, बाजूंचे ३८२ चे, आणि चार उभे सांधे प्रत्येकी ४४० चे. एकूण लांबी ४.३ मीटर. ८ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड असा हा मूळ सांधा जेमतेम ३५ मिलिलिटर सिलिकॉन घेतो. हा आकडा पाहून अनेकांना वाटते, एक ट्यूब म्हणजे चैन आहे. पण प्रत्यक्षात गनने ओढलेली धार ४ मिलिमीटर व्यासाची असते आणि तेवढ्याच लांबीला ५४ मिलिलिटर लागतात. वरचे वीसेक मिलिलिटर काच दाबली की दोन्ही बाजूंनी बाहेर येतात आणि ते यायलाच हवेत, कारण सांधा पूर्ण भरला याची तीच खूण आहे.

खरा खप काचा जोडल्यावर आतल्या कोपऱ्यात ओढायच्या सिलिकॉनच्या पट्टीचा आहे. दोन्ही काचांवर ८ मिलिमीटर पसरणारी पट्टी त्रिकोणी धरली, तर ४.३ मीटरला सुमारे १३७ मिलिलिटर होतात. बोटाने ओढल्यावर पट्टी आत वळते आणि प्रत्यक्षात त्याहून कमी सिलिकॉन राहते, तरी अंदाज त्रिकोणाचाच करावा. आधारपट्ट्यांना २५ मिलिलिटर. बेरीज दोनशेच्या घरात जाते. गनच्या टोकात राहणारे, टेपवर जाणारे आणि बोटाला लागणारे म्हणून आणखी एक तृतीयांश धरले की २६५ मिलिलिटर झाले. बाजारात मिळणारी ट्यूब बहुधा २८० किंवा ३०० मिलिलिटरची असते. कागदावर एक ट्यूब पुरते. तरीही दोन घ्याव्यात असे मी आग्रहाने सांगतो.

त्या आग्रहाचे कारण माझ्याच पहिल्या टाकीत आहे. मी एकच ट्यूब आणली होती, धार गरजेपेक्षा जाड ओढली, आणि शेवटच्या उभ्या कोपऱ्यात साधारण वीतभर सांधा भरायचा असताना ट्यूब संपली. रविवार संध्याकाळ होती, दुकाने बंद होती. दुसऱ्या दिवशी नवी ट्यूब आणून तो तुकडा भरला, आणि आदल्या दिवशीच्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन टेकवले. चार महिन्यांनी नेमक्या त्याच जागी काचेच्या कडेवर पाण्याचा एक थेंब दिसू लागला. पुसला की तासाभराने पुन्हा हजर. सुकलेल्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन नीट धरत नाही, आणि सांध्यातली ही जोडच त्या टाकीची दुबळी जागा ठरली. म्हणून तळ आणि चार भिंती एकाच बैठकीत जोडाव्यात आणि दुसरी ट्यूब टोक कापण्यासाठी ब्लेडसह जवळ ठेवावी. उरलेली ट्यूब झाकणाच्या पट्ट्यांना किंवा फिल्टरच्या कप्प्याला कामी येते, मात्र एकदा उघडल्यावर ती फार दिवस टिकत नाही.

ट्यूब घेताना चार गोष्टी वाचाव्यात. ती शंभर टक्के सिलिकॉन असावी, सुकताना व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या प्रकारातली असावी, आणि तिच्यावर बुरशीरोधक असे लिहिलेले नसावे. न्हाणीघरासाठी बनवलेल्या सिलिकॉनमध्ये बुरशी मारणारे द्रव्य घातलेले असते आणि ते माशांना घातक ठरू शकते. चौथी गोष्ट म्हणजे मुदत संपल्याची तारीख. मुदत टळलेले सिलिकॉन वरून सुकल्यासारखे दिसते आणि आतून चिकटच राहते.

बाकीचे साहित्य थोडके आहे : सिलिकॉनची गन, कागदी मास्किंग टेपचा एक मोठा रोळ, काच पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन, जुने धुतलेले सुती कापड, ब्लेड, काटकोन पाहायला गुण्या, सांध्यात ठेवायला एक मिलिमीटर जाडीचे प्लास्टिकचे तुकडे आणि टाकीखाली घालायला थर्मोकोलचा ताव. काचेच्या कडा कापतानाच घासून घ्याव्यात. आणि पुसलेल्या कडेला पुन्हा बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणा डोळ्याला दिसत नाही, सिलिकॉनला मात्र तो कळतो. पारदर्शक सिलिकॉन वापरले असेल, तर काच दाबून झाल्यावर बाहेरून सांध्यात पाहावे. पूर्ण भरलेला सांधा गडद, एकसारखा दिसतो. जिथे हवा अडकली तिथे चंदेरी ठिपका चमकतो. एकटा लहान ठिपका चालतो, पण सांध्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पोचणारी चंदेरी रेघ दिसली, तर ती काच लगेच उचलून धार पुन्हा ओढावी.

सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने सुकते, त्यामुळे पावसाळी कोकणात आपल्याला फार काळजी नाही. तरी मी पूर्ण सात दिवस थांबतो, मग अंगणात किंवा बाल्कनीत पाणसळ लावून टाकी सपाट ठेवतो आणि एक तृतीयांश, दोन तृतीयांश असे टप्प्याटप्प्याने पाणी भरून दोन दिवस पाहतो. ४० सेंटिमीटर पाणी भरल्यावर समोरच्या काचेवर सुमारे ७० किलो वजनाइतका रेटा येतो. पाणी १३६ लिटर, काच ३४ किलो आणि वाळू वीसेक किलो धरली, तर खालच्या टेबलावर १९० किलो येतात. टेबलाचा विचार सिलिकॉनच्याही आधी करावा, असे मी म्हणेन.

प्रश्न : जुन्या टाकीच्या कोपऱ्यातून पाणी झिरपते. वरून सिलिकॉनचा आणखी एक थर दिला तर चालेल का? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : चालणार नाही, वर सांगितलेले कारणच इथे लागू आहे. टाकी रिकामी करून आतली कोपऱ्यातली पट्टी ब्लेडने संपूर्ण काढावी, फक्त गळक्या जागेपुरती नव्हे, आणि उरलेला पातळ पापुद्राही खरवडून काच अल्कोहोलने पुसावी. टाकी वरील मापाची असेल तर नव्या पट्टीला एक ट्यूब पुरते. मात्र दोन काचांच्या मधला मूळ सांधाच सुटलेला असेल, म्हणजे बाहेरून पाहताना त्यात पांढुरकी, हवा शिरलेली रेघ दिसत असेल, तर टाकी पूर्ण सोडवून नव्याने जोडावी लागते. जळगावच्या कोरड्या उन्हाळ्यात सुकायला दोन-तीन दिवस अधिक द्यावेत.

प्रश्न : मला पाणवनस्पती वाढवायच्या आहेत. तेवढ्याच लिटरची, पण कमी उंचीची टाकी केली तर काच पातळ चालेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : चालेल, आणि वनस्पतींना उजेडही चांगला मिळेल. पाण्याचा दाब उंचीवर अवलंबून असतो, रुंदीवर नाही. १२० बाय ४५ बाय ३० सेंटिमीटरची टाकीही १६२ लिटरचीच होते. काठोकाठ भरली तरी तिच्या समोरच्या काचेवरचा एकूण रेटा ९० बाय ४० बाय ४५ च्या टाकीच्या साठ टक्क्यांच्या आत राहतो, आणि भिंतींना ६ मिलिमीटरची काच पुरते. सांध्यांची लांबी मात्र जवळपास तेवढीच, साडेचार मीटर भरते, त्यामुळे सिलिकॉनच्या ट्यूब दोनच घ्याव्यात.